लिलावातली खोटी बोली

‘लिलाव’ हा शब्द मराठीस पोर्तुगीजांकडून मिळाला. वसई तर १५३४ ते १७३९ त्यांच्याच ताब्यात होती. विक्रेत्याने आपलीच माणसे बोलीला उभी करून किंमत फुगवल्यास खरेदीदारास व्यवहार मोडता येतो, ही तरतूद १८७२च्या करार कायद्यात होती. पुढे ती १९३०च्या मालविक्री कायद्याच्या कलम ६४मध्ये आली. आज ऑनलाइन लिलावात वसईच्या एमएच-४८ पाटीचा जुना ट्रेलर दिसतो, तेव्हा हे कलम अनेकदा तोकडे पडते. ट्रेलर मुळात नसतोच. असते केवळ छायाचित्र आणि ‘अनामत’ भरण्याची घाई. ट्रेलरचीही स्वतंत्र नोंदणी असते. ‘वाहन’ पोर्टलवर ती तपासावी, चॅसिस क्रमांक समक्ष जुळवावा, मगच अनामत. पैसे गेलेच, तर तत्काळ १९३० फिरवावा (कायद्याच्या सालाशी जुळणे निव्वळ योगायोग). रक्कम पुढच्या खात्यात वळण्यापूर्वीच गोठवता येते.