रॉक वाद्यवृंद : श्रेष्ठत्वाचा वाद

रॉक संगीत सादर करणाऱ्या वाद्यवृंदांपैकी सर्वश्रेष्ठ कोणता, याविषयी रसिक, समीक्षक व व्यावसायिक यांच्यात दीर्घकाळ चालत आलेला वाद. विद्युत् गिटार, बेस गिटार व ड्रम ही या वृंदाची मुख्य वाद्ये असून त्यांना गायनाची आणि पुष्कळदा कळफलकवाद्याची जोड असते. आपल्याकडील मैफलीत एक गायक वा वादक केंद्रस्थानी असतो व इतर त्याची साथ करतात. रॉकमध्ये मात्र समग्र वृंद हाच कलाकृतीचा कर्ता मानला जातो. त्यामुळे येथे श्रेष्ठत्वाचा प्रश्न व्यक्तीविषयी नव्हे, तर समूहाविषयी विचारला जातो व त्याचे उत्तरही त्या प्रमाणात अवघड होते.

पार्श्वभूमी : अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे ‘रिदम अँड ब्लूज’ आणि ग्रामीण श्वेतवर्णीयांचे ‘कंट्री’ संगीत यांच्या संयोगातून १९५० नंतर ‘रॉक अँड रोल’ आकारास आले. इंग्लंडमध्ये बीटल्स (१९६०–७०) व रोलिंग स्टोन्स (स्थापना १९६२) या दोन वृंदांच्या चाहत्यांत जे तट पडले, त्यांपासून या वादाला आजचे स्वरूप आले. पुढे पिंक फ्लॉइड, लेड झेपलिन व क्वीन यांची नावे त्यात आली. अमेरिकेत १९६७ मध्ये सुरू झालेल्या रोलिंग स्टोन या नियतकालिकाने समीक्षेला व क्रमवाऱ्यांना प्रतिष्ठा दिली. १९८३ साली स्थापन झालेल्या ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’ या संस्थेने पहिली ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध होऊन २५ वर्षे उलटल्याखेरीज कोणाचाही विचार करावयाचा नाही, असा दंडक घातला. काळाची कसोटी नियमबद्ध करण्याचा हा प्रयत्न होय.

या वादातील काही अग्रगण्य नावांचा महाराष्ट्राशी प्रत्यक्ष संबंध आला आहे. बीटल्समधील जॉर्ज हॅरिसन याने जानेवारी १९६८ मध्ये मुंबईतील ध्वनिमुद्रणगृहात भारतीय वादकांसह काम केले. लेड झेपलिनचे जिमी पेज व रॉबर्ट प्लँट यांनी १९७२ मध्ये तेथेच तसा प्रयोग केला. क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी (१९४६–९१) याचे शिक्षण पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत झाले व १९५८ मध्ये तेथील सोबत्यांसह त्याने ‘द हेक्टिक्स’ हा आपला पहिला वृंद उभारला.

मुंबईतील स्पर्धा : १९६० नंतरच्या दशकात मुंबईच्या महाविद्यालयांत व उपाहारगृहांत असे अनेक वृंद निर्माण झाले. त्यांतील ‘जेट्स’, ‘सॅव्हेजेस’ ही नावे जुन्या रसिकांच्या स्मरणात राहिली. श्रेष्ठत्वाचा निर्णय स्पर्धेने लावण्याचा एक मोठा प्रयत्न ‘सिमला बीट’ स्पर्धेत दिसतो. एका तंबाखू कंपनीने आपल्या सिगारेटच्या प्रसिद्धीसाठी ती पुरस्कृत केली होती. तीमधील वृंदांच्या १९७० व १९७१ या वर्षांच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या. मुंबईबरोबरच कलकत्ता, मद्रास, बंगलोर व शिलाँग येथील तरुणांचे वादन त्यामुळे टिकून राहिले. स्पर्धेमागील हेतू व्यापारी असला, तरी तिच्यावाचून या पिढीचा पुष्कळसा आवाज नष्ट झाला असता, हेही नमूद केले पाहिजे.

१९८४ साली मुंबईत ‘रॉक मशीन’ हा वृंद स्थापन झाला. त्या काळी श्रोत्यांची अपेक्षा परदेशी गीतांचे हुबेहूब वादन ऐकण्याची असे. या वृंदाने १९८८ मध्ये रॉक अँड रोल रेनेगेड ही स्वरचित गीतांची ध्वनिमुद्रिका काढली आणि हुबेहूबपणाऐवजी स्वतंत्र निर्मिती हा निकष पुढे आणला. १९९३ मध्ये त्याने ‘इंडस क्रीड’ हे नाव घेतले. १९८६ पासून धोबी तलाव येथील रंगभवनात ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा वार्षिक महोत्सव भरू लागला. नव्या वृंदांची परीक्षा तेथील उघड्या प्रेक्षागारात होई आणि निकाल टाळ्यांनी वा हुर्योने तत्काळ लागे. ध्वनिप्रदूषणविषयक नियम २००० साली झाले. परिसरात शाळा व रुग्णालये असल्याने शांतता क्षेत्राचे निर्बंध रंगभवनास लागू झाले, तेथील असे कार्यक्रम बंद पडले व महोत्सवास अन्य मैदाने शोधावी लागली. दरम्यान मुंबईच्या ‘पेंटाग्राम’ने २००५ मध्ये इंग्लंडमधील ग्लास्टनबरी महोत्सवात वादन केले. अभंगांना रॉकची बैठक देणारा ‘अभंग रिपोस्ट’ हा वृंद अलीकडचा असून, मराठी भाषेत हे संगीत कितपत रुजेल, या प्रश्नाचे ते एक प्रात्यक्षिक उत्तर आहे.

रायगडमधील समांतर परंपरा : दोन पक्षांनी समोरासमोर उभे राहून श्रेष्ठत्व सिद्ध करण्याची रीत महाराष्ट्रास नवी नाही. शाहिरी परंपरेतील कलगीवाले शक्तीला व तुरेवाले शिवाला श्रेष्ठ मानतात. कोकणात हीच परंपरा ‘शक्ती-तुरा’ या नावाने जाखडी नृत्यासह नांदते. रोहे व त्याच्या दक्षिणेकडील भागांत, विशेषतः कुणबी समाजात, तिचे सामने आवडीने ऐकले जातात. चाकरमान्यांबरोबर ते मुंबईच्या नाट्यगृहांतही पोहोचले. यात प्रथम गण, नंतर गौळण आणि पुढे सवाल-जवाब असा क्रम असतो. पुराणातील कूट प्रश्नाला ज्याला उत्तर देता येत नाही, त्याची बाजू पडते. निकष दोन्ही पक्षांना आधीच ठाऊक असतो, हा या सामन्यांचा विशेष होय.

वाद्यांच्या दृष्टीने रॉक वृंदाला अधिक जवळचे ठरते ते पेण, रोहे, अलिबाग या पट्ट्यातील ‘बेंजो’ पथक. हा बेंजो म्हणजे अमेरिकन बँजो नव्हे. जपानमध्ये १९१२ साली तयार झालेल्या ‘ताइशोगोतो’ या टंकलेखन यंत्रासारख्या कळा असलेल्या तंतुवाद्याचे हे भारतीय रूप असून त्याला बुलबुल तरंग असेही म्हणतात. त्यास विद्युत् ध्वनिग्राहक जोडला की तारांचा आवाज रस्त्यावरील गर्दीवरही मात करतो. ढोल, ताशा व इतर तालवाद्ये यांच्या साथीने आगरी-कोळी समाजांतील हळदी, लग्नाच्या वराती व गणेशविसर्जनाच्या मिरवणुका यांत ही पथके कोळीगीते, भक्तिगीते व चित्रपटगीते वाजवितात. पेणच्या कारखान्यांतून गणेशमूर्ती गावोगाव जातात आणि त्यांच्या आगमन-विसर्जनास वाजविण्याचा मान कोणत्या पथकाला, यावर गावकऱ्यांत चुरशीची चर्चा होते. तिचा निर्णय परीक्षक करीत नाहीत. लग्नसराईत कोणाला सुपारी आधी मिळते आणि वरात दारी पोहोचेपर्यंत कोणाचा ताल ढळत नाही, यावरून तो होतो. चाली बहुधा इतरांच्याच असल्याने स्वतंत्र रचनेचा निकष येथे गौण ठरतो. हातातील सफाई, दम व समोरच्या समुदायाला नाचते ठेवण्याची ताकद यांना महत्त्व येते.

निकष व मूल्यमापन : या तुलनेवरून श्रेष्ठत्वाच्या वादातील मुख्य अडचण स्पष्ट होते. नवनिर्मिती, वादनकौशल्य, प्रत्यक्ष सादरीकरण, ध्वनिमुद्रिकांची विक्री, नंतरच्या संगीतावरील प्रभाव आणि टिकाऊपणा हे सामान्यतः सांगितले जाणारे निकष परस्परांना छेद देतात. बीटल्स १९६६ नंतर दौरे करीत नसत. रोलिंग स्टोन्स २००३ मध्ये मुंबईत आले, तेव्हा त्यांच्या स्थापनेला ४० वर्षे होऊन गेली होती. प्रभाव हा निकष मानल्यास पहिल्यांचे व प्रत्यक्ष वादनातील सातत्य मानल्यास दुसऱ्यांचे पारडे जड होते. विक्रीचा निकष तर बाजारपेठ, भाषा व प्रसिद्धीची साधने यांवर अवलंबून असल्याने तो मुंबईच्या वा पेणच्या वादकाला लावणे अन्यायाचे ठरते.

याहून गंभीर प्रश्न नोंदीचा आहे. ज्याचे ध्वनिमुद्रण झाले तोच वादात उभा राहतो. मुंबईच्या ‘ॲटॉमिक फॉरेस्ट’ची ऑब्सेशन ७७ ही एकमेव ध्वनिमुद्रिका परदेशात पुन्हा प्रसिद्ध झाल्यावरच त्या वृंदाकडे नव्या पिढीचे लक्ष गेले, ज्यांची एकही मुद्रिका निघाली नाही, त्यांना असे पुनरुज्जीवन मिळणे शक्य नव्हते. बेंजो पथकांतील अनेक निष्णात हातांची कीर्तीही त्यांना ऐकणाऱ्यांच्या आठवणीपुरतीच उरते. म्हणून सर्वश्रेष्ठ वृंद कोणता, या प्रश्नापूर्वी कोणाचे वादन आपण जतन केले, हा प्रश्न विचारणे आवश्यक ठरते. वादाचा अंतिम निकाल लागणे संभवनीय दिसत नाही. शक्ती-तुऱ्याच्या सामन्याप्रमाणेच येथेही प्रतिपक्षाचे संगीत लक्षपूर्वक ऐकल्याशिवाय आपली बाजू मांडता येत नाही आणि या वादाचे सांस्कृतिक मोल मुख्यतः त्या ऐकण्यात आहे.