बालकर्करोग : जगण्याचा दर्जा मोजताना

मुलांच्या कर्करोगावरील उपचारांचे यश प्रामुख्याने किती मुले वाचली यावरून ठरविले जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार श्रीमंत देशांत ८० टक्क्यांहून अधिक मुले बरी होतात. अनेक गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत हे प्रमाण ३० टक्क्यांहूनही कमी आहे. मात्र मुलाचे दिवस कसे जात आहेत, हे या आकड्यांतून कळत नाही. त्यासाठी जगण्याचा दर्जा स्वतंत्रपणे मोजावा लागतो.

१९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लान्स्की मापनश्रेणीत मूल किती खेळते, यावरून पालक ० ते १०० गुण देतात. मुलाचे म्हणणे मात्र त्यात येत नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स वार्नी व सहकाऱ्यांच्या 'पेड्सक्यूएल' प्रश्नावलीने ही उणीव भरून काढली. तिच्या मूळ भागात शरीर, भावना, मित्रमंडळी आणि शाळा यांविषयी २३ प्रश्न आहेत. कर्करोगासाठीच्या भागात आणखी २७ प्रश्न असून वेदना, मळमळ, सुईची भीती, आजार उलटण्याची चिंता, विचार करताना येणाऱ्या अडचणी, बदललेले रूप, डॉक्टरांशी बोलताना वाटणारा संकोच आदी विषय त्यात येतात.

त्रास 'कधीच नाही' असल्यास १०० आणि 'जवळजवळ नेहमी' असल्यास शून्य गुण मिळतात. त्यांची सरासरी जितकी अधिक, तितका दर्जा चांगला. पाच ते सात वर्षांच्या मुलांना हसऱ्या, साध्या व रडव्या चेहऱ्यांच्या चित्रांतून उत्तर निवडता येते. त्याहून लहान मुलांसाठी केवळ पालकच उत्तरे देतात.

मूल आणि पालक यांची उत्तरे अनेकदा जुळत नाहीत. उलट्या किंवा थकवा पालकांना दिसतो. मनातली भीती दिसत नाही. आईवडिलांना त्रास नको म्हणून काही मुले ती बोलूनही दाखवत नाहीत. म्हणूनच दोघांनाही स्वतंत्रपणे विचारणे आवश्यक ठरते.

उपचार संपल्यावरही हे मापन उपयुक्त ठरते. काही औषधांमुळे पुढे हृदयावर, श्रवणशक्तीवर किंवा वाढीवर परिणाम होऊ शकतो. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात अशा मुलांच्या पाठपुराव्यासाठी १९९१ मध्ये स्वतंत्र क्लिनिक सुरू झाले.

गुण नोंदवून कागद फाइलमध्ये ठेवल्यास या खटाटोपाला अर्थ उरत नाही. मळमळीचे गुण घसरले तर औषध बदलणे, सुईची भीती वाढली तर भूल किंवा समुपदेशन देणे, शाळेचे गुण कमी असतील तर शिक्षकांशी बोलणे, हाच या मोजमापाचा खरा उपयोग आहे.