विजेच्या राज्यांतील रुंद-अरुंद रूळ

वऱ्हाडच्या कापसाचा इतिहास ज्यांस ठाऊक आहे, त्यांस यवतमाळ-मूर्तिजापूर या अरुंद लोहमार्गाची ओळख करून देण्याचें कारण नाहीं. ही गाडी पुढें ‘शकुंतला’ या लाडक्या नांवानें प्रसिद्ध झाली. तिच्या दोन रुळांतील अंतर अडीच फूट. मूर्तिजापुरास तिला मिळणाऱ्या मुंबई-नागपूर मार्गाचें साडेपांच फूट. त्यामुळें यवतमाळच्या गासड्या मूर्तिजापुरास एका गाडींतून उतरवून दुसरींत चढवाव्या लागत. माल तोच, जावयाचें तेथेंच. परंतु दोन कंपन्यांनीं दोन निरनिराळ्या हिशेबांनीं रूळ टाकले, त्याचा भार हमालाच्या पाठीवर येई.

आज यवतमाळ, पुसद, वणी येथील मुलगे व मुली शिक्षणास वा नोकरीस परदेशीं निघतात, तेव्हां हीच अडचण वेगळ्या रूपानें त्यांच्यापुढें उभी राहते. लॅपटॉपचा प्लग तेथील भिंतींत बसत नाहीं. आणि बसला तरी तेथील वीज यंत्रास मानवेल काय, ही शंका घरच्या मंडळींस सतावते. अभ्यास, नोकरीचे कागद आणि घरच्यांचें दर्शन हीं सारीं त्या एका यंत्रांत सामावलेलीं असल्यामुळें ही शंका क्षुल्लक म्हणतां येत नाहीं. तिचें उत्तर इतिहासांत आहे.

एडिसननें १८८२ सालीं न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर वीजकेंद्र उघडलें, तें सुमारें ११० व्होल्ट दाबाचें होतें. अमेरिकेची वीज पुढें त्याच वळणावर राहिली. आज तेथील घरांत १२० व्होल्ट असतात. बर्लिनच्या वीज कंपनीनें मात्र १८९९ मध्यें २२० व्होल्टांचा मार्ग धरला. दाब दुप्पट केला म्हणजे तितक्याच कामास निम्मा प्रवाह पुरतो व तांब्याची तार बारीक चालते. ग्राहकांचीं उपकरणें बदलण्याचा खर्च त्या तांब्याच्या बचतींतून भरून निघाला. यूरोप आणि पुढें हिंदुस्थान यांनीं हाच उंच दाब पतकरला. आपल्या घरीं आज २३० व्होल्ट येतात.

दाबाप्रमाणेंच प्रवाहाच्या आंदोलनांचेंहि झालें. अमेरिकेंत सेकंदास ६०, जर्मनींत ५० अशी रीत पडली. जपाननें १८९५ च्या सुमारास टोकियोकरितां जर्मन यंत्रें घेतलीं आणि लवकरच ओसाकाकरितां अमेरिकन. त्या दोन खरेद्यांमुळें तो देश आजहि विजेच्या दृष्टीनें दुभंगलेला आहे. मार्च २०११ च्या भूकंपानंतर पूर्वेकडे अंधार पडला असतां पश्चिमेकडून सुमारें १० लाख किलोवॅटच वीज पाठवितां आली; कारण मधलीं रूपांतर-केंद्रें त्याहून मोठी नव्हतीं.

प्लगची कथा तर याहून गमतीची. अमेरिकेंत हार्वे हबेल यास १९०४ मध्यें प्लगचें पेटंट मिळालें. जर्मनींत ब्यूटनरनें १९२६ सालीं बाजूस अर्थिंगच्या पट्ट्या असलेला प्लग पुढें आणला. ब्रिटनचा तीन गोल पिनांचा प्लग १९३४ च्या प्रमाणांत नमूद झाला आणि तोच आपणांकडे रुजला. पुढें १९४७ सालीं ब्रिटननें चौकोनी पिनांचा, पोटांत फ्यूज असलेला नवा प्लग ठरविला. त्याच वर्षीं ब्रिटिश येथून गेले. त्यांचा जुना प्लग मात्र राहिला. म्हणून यवतमाळचा विद्यार्थी लंडनास जातांना लंडनचीच जुनी रीत बरोबर नेतो, आणि ती तेथील भिंतींत बसत नाहीं!

आतां लॅपटॉपचा विचार करूं. चार्जरवर बारीक अक्षरांत १०० ते २४० व्होल्ट आणि ५०-६० हर्ट्‌झ असें छापलेलें असेल, तर दाबाची व आंदोलनांची चिंता मिटली. चार्जर आलेला प्रवाह प्रथम एकदिश करतो, मग सेकंदास हजारों वेळां तोडून लहानशा ट्रान्स्फॉर्मरमधून नेतो आणि सुमारें २० व्होल्टांवर बाहेर देतो. मूर्तिजापूरच्या हमालाचें काम तोच करतो. तेव्हां भिंतीशीं जुळणारा साधा अडॅप्टर पुरतो. जड ट्रान्स्फॉर्मर विकत घेण्याचें कारण नाहीं. मात्र चार्जर तीन पिनांचा असल्यास अडॅप्टरहि अर्थिंगचा असावा. नाहींतर लॅपटॉपच्या धातूच्या अंगास हात लावतां कधीं कधीं मुंग्या येतात. इस्त्री व मिक्सर यांची गोष्ट निराळी. अमेरिकेंतील १२० व्होल्टांची इस्त्री येथें लावल्यास जळून जाईल.

साऱ्या जगास एकच प्लग असावा म्हणून १९८६ मध्यें आंतरराष्ट्रीय प्रमाण प्रसिद्ध झालें. परंतु ब्राझील, दक्षिण आफ्रिका अशा थोड्याच देशांनीं त्याच्या आधारें आपले प्लग ठरविले. कोट्यवधि घरांच्या भिंती कोण फोडणार? यूरोपीय संघानें २०२२ मध्यें वेगळी वाट धरली. भिंतीस हात न लावतां यंत्राचें तोंड एक केलें, आणि लॅपटॉपांस यूएसबी-सी हें तोंड लावण्यास २८ एप्रिल २०२६ ही तारीख ठरविली.

रूळ एकदां टाकले म्हणजे उखडणें कठीण असतें. अशा वेळीं दोन रुळांमधलें काम करणारें साधनच शहाणें करावें लागतें. परदेशीं जाणाऱ्या मुलाच्या पिशवींतील तो काळा ठोकळा असा शहाणा झालेला आहे. निघण्यापूर्वीं त्यावरील अक्षरें वाचलीं म्हणजे झालें.