सूज मेंदूला, ठपका स्वभावावर

शांत, गुणी मुलगा तापातून उठला आणि काही आठवड्यांत चोऱ्या करू लागला, भावंडांना मारू लागला, रात्रभर जागू लागला. तुम्ही काय म्हणाल? ‘वाईट संगत’? ‘वेड’? की ‘बाहेरचं काही’? शंभर वर्षांपूर्वी युरोप-अमेरिकेतल्या अनेक आईवडिलांपुढे हाच प्रश्न होता.

पहिले महायुद्ध चालू असताना, १९१६-१७ च्या हिवाळ्यात व्हिएन्नाच्या मनोरुग्णालयात काही वेगळे रुग्ण येऊ लागले. कोणी भ्रमात बडबडे, कोणी जेवता जेवता झोपी जाई. निदाने निरनिराळी होती. डॉ. कॉन्स्टँटिन फॉन एकोनोमो यांना मात्र त्यांच्यात साम्य दिसले: अनावर झोप आणि डोळ्यांच्या हालचालीतला दोष. दगावलेल्या रुग्णांच्या मेंदूत त्यांना सूज आढळली. १९१७ मध्ये त्यांनी या आजाराला ‘एन्सेफलायटिस लेथार्जिका’ हे नाव दिले.

पुढची दहा वर्षे ही साथ जगभर फिरली. वाचलेल्या कित्येक मुलांचा स्वभावच पालटला. बुद्धी बहुधा शाबूत असे, केल्याचा पश्चात्तापही होई, पण स्वतःला आवरता येत नसे. काही जण मनोरुग्णालयात गेले, काही सुधारगृहात. साथ ओसरली, तिचे नेमके कारण आजही सिद्ध झालेले नाही. पण डॉक्टर एक धडा शिकले: वागणे बिघडले तरी मूळ दुखणे मेंदूच्या सुजेचे असू शकते.

हा धडा आजही लागू आहे. हर्पीस विषाणूमुळे होणाऱ्या मेंदूज्वराची सुरुवात कधीकधी विचित्र वागण्याने किंवा भासांनी होते. त्यावर असायक्लोव्हिर हे औषध आहे, पण ते लवकर सुरू व्हावे लागते. २००७ मध्ये आणखी एक आजार उलगडला. त्यात शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदूवर उलटते. तो तरुण मुलींमध्ये जास्त दिसतो आणि अनेकदा आधी मानसिक आजारच वाटतो. त्यावरही उपचार आहेत.

म्हणून लक्षात ठेवा: काही दिवसांत वागणे एकदम बदलले आणि सोबत ताप, डोकेदुखी, फिट, गुंगी किंवा हातापायांच्या विचित्र हालचाली असतील, तर थेट रुग्णालय गाठा. एमआरआय, ईईजी किंवा पाठीतले पाणी तपासायला सांगितले तर घाबरू नका.

बहुतेक मानसिक आजार असे नसतात, त्यामुळे चालू गोळ्या मनाने बंद करू नका. फक्त डॉक्टरांना ‘आधी ताप आला होता’ हे सांगायला विसरू नका.