हजेरीचा पट

हजेरी म्हटली की आपल्याला शाळा आठवते. गुरुजी नाव पुकारतात, मूल ‘हजर’ म्हणते, आणि पाढे सुरू होतात. पण आपल्या देशात दुसरीही एक हजेरी होऊन गेली. ती मोठ्या माणसांची होती, आणि ती चुकली तर शिक्षा तुरुंगाची होती.

१८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. आरंभी तो उत्तर हिंदुस्थानात चालला. १९११ च्या कायद्याने तो देशभर लावता येऊ लागला. सरकारने एखादी जमात गुन्हेगार ठरवली, की तिच्या माणसांची नावे पटावर चढत. चोरी कोणी केली, हा प्रश्नच नव्हे. त्या जातीत जन्मला, एवढे पुरे. ठरल्या वेळी हजेरी द्यायची, परवान्यावाचून गाव सोडायचे नाही. सोलापुरात तर तारेच्या कुंपणाआड वसाहतच उभी होती. लोक तिला ‘सेटलमेंट’ म्हणत.

आपल्या वऱ्हाडात, यवतमाळ-अमरावतीकडे, फासेपारध्यांचे बेडे आहेत. फासे लावून तितर-लावे धरणारी ही माणसे. पारधी हे नावही त्या शिक्क्यातून सुटले नाही.

आता पाहा, एवढा मोठा गाडा साहेबाने एकट्याने ओढला काय? मुळीच नाही. पटावरचा माणूस हजर झाला नाही किंवा गाव सोडून गेला, तर ठाण्यावर वर्दी देणे हे गावचा मुखिया आणि राखणदार यांचे कर्तव्य, असे कायद्यातच लिहिले होते. जमीनमालकही त्यातून सुटला नव्हता. म्हणजे काम पडले आपल्याच पाटलावर, आपल्याच कोतवालावर.

असे समजा, की एका पारध्याची लेक दुसऱ्या गावी बाळंतपणात अडली. परवान्याची वाट न पाहता बाप रातोरात गेला. सकाळी पाटलाने वर्दी दिली. शिपायाने त्याला धरून आणले. कारकुनाने कागद केला. मॅजिस्ट्रेटने कलम पाहून शिक्षा दिली. विचारा आता एकेकाला. पाटील म्हणेल, मी फक्त कळवले. शिपाई म्हणेल, मला हुकूम होता. कारकून म्हणेल, मी फक्त लिहिले. यांत राक्षस एकही नाही. सगळे लेकराबाळांचे, देवाधर्माचे. पण चार जणांनी वाटून घेतलेला जुलूम त्या बापाच्या पाठीवर मात्र सगळाच पडला.

हे केवळ आपल्याकडचे नव्हे. १९६१ साली अमेरिकेतल्या येल विद्यापीठात स्टॅन्ले मिलग्रॅम यांनी एक प्रयोग सुरू केला. पलीकडच्या माणसाचे उत्तर चुकले, की खटका दाबून त्याला विजेचा झटका द्यायचा, तोही चढत्या क्रमाने. वीज खरी नव्हती, पण खटका दाबणाऱ्याला ते ठाऊक नव्हते. ‘पुढे चला’ एवढेच अधिकारी सांगे. ४० पैकी २६ जण शेवटच्या खटक्यापर्यंत गेले! पुढच्या एका प्रयोगात शेजारी बसवलेल्या दोघांनी ‘आम्ही हे करणार नाही’ म्हटले. तेव्हा ४० पैकी केवळ ४ जण शेवटपर्यंत गेले. शेजाऱ्याच्या एका नकारात केवढे बळ असते, बघा.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाला आणि या जमाती विमुक्त म्हटल्या गेल्या. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत बंजारा समाजही आहे. त्याच समाजातले, पुसद तालुक्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक १९६३ साली राज्याचे मुख्यमंत्री झाले. जन्मावरून माणूस ठरवणाऱ्यांना याहून चोख उत्तर कोणते?

कायदा गेला, पण मनातला पट पुसला गेला काय? गावात चोरी झाली, की पहिले बोट अजूनही बेड्याकडे वळते. तेव्हा चावडीवर एकाने तरी विचारावे, “याने चोरी केली, हे पाहिले कोणी?” आणि गुरुजी, बेड्यावरचे मूल शाळेत आले, की त्याचेही नाव पुकारा. या हजेरीला त्याने आनंदाने ‘हजर’ म्हणावे, एवढे आपल्या हाती आहे.