ग्रंथालयीन डेटाबेस आणि विश्वासार्ह संशोधनाचे शिक्षण : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथरूपाने मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांपैकी चौथे सूत्र वाचकाचा वेळ वाचविण्याचे आहे. डेटाबेस हे त्या सूत्राचेच आधुनिक रूप होय. मात्र वाचलेला वेळ साहित्याची पारख करण्यात खर्ची पडला, तरच संशोधनाची विश्वासार्हता वाढते. भारतातील गेल्या काही दशकांचा इतिहास हेच दर्शवितो.

साधनांचा विस्तार :
विद्यापीठ अनुदान आयोगाने १९९१ मध्ये इन्फ्लिबनेट हा कार्यक्रम सुरू केला. १९९६ मध्ये त्याला स्वायत्त केंद्राचा दर्जा मिळाला. आयोगाच्या २००९ च्या नियमावलीने पीएच.डी. प्रबंधांची इलेक्ट्रॉनिक प्रत सादर करणे आवश्यक ठरविले. 'शोधगंगा' हे त्या प्रबंधांचे भांडार होय. महाविद्यालयांसाठी २०१० मध्ये 'एन-लिस्ट' उपलब्ध झाले. १ जानेवारी २०२५ पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेमुळे ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके शासकीय उच्च शिक्षण संस्थांसाठी खुली झाली.

विश्वासार्हतेचा प्रश्न :
साधने वाढली तसा दर्जाचा प्रश्नही तीव्र झाला. आयोगाने २०१७ मध्ये मान्यताप्राप्त नियतकालिकांची यादी प्रसिद्ध केली. पुण्यातील संशोधकांनी २०१८ मध्ये तिची तपासणी केली. विद्यापीठांच्या शिफारशीने यादीत आलेल्या, परंतु कोणत्याही प्रमुख निर्देशसूचीत नसलेल्या नियतकालिकांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट असण्याची शक्यता त्यांना आढळली. त्याच वर्षी मे महिन्यात आयोगाने ४,३०५ नियतकालिके वगळली. २०१९ मध्ये 'केअर' यादी आली आणि २०२५ मध्ये तीही बंद करण्यात आली. यादीतील समावेश हा पारखीला पर्याय ठरू शकत नाही, हा या घडामोडींचा अर्थ होय.

अध्यापनाची दिशा :
ही पारख वर्गातच शिकवावी लागते. १८९७ च्या पुण्यातील प्लेगवर प्रकल्प करणाऱ्या विद्यार्थ्याचे उदाहरण घेता येईल. इंग्रजी डेटाबेसमध्ये त्याने केवळ 'पुणे' हा शब्द दिला, तर 'पूना' असा उल्लेख असणारे जुने लेख त्याच्या दृष्टीस पडणार नाहीत. त्याने दोन्ही शब्द वापरणे, विषयशीर्षके पाहणे, सारांशावर न थांबता पूर्ण लेख वाचणे आणि लेखकाने कोणती मूळ साधने वापरली हे तपासणे आवश्यक आहे. प्रबंधाच्या संदर्भसूचीतून अभिलेखागाराकडे जाण्याचा मार्ग सापडतो; परंतु प्रबंध भांडारात आहे म्हणून त्यातील प्रत्येक विधान ग्राह्य ठरत नाही. शिवाय केवळ इंग्रजी साहित्यावर विसंबल्यास 'केसरी'सारख्या समकालीन मराठी वृत्तपत्रांतील बाजू निसटते.

समारोप :
डेटाबेसचे संकेतशब्द वाटणे म्हणजे संशोधन शिकविणे नव्हे. शोध कसा घ्यावा हे ग्रंथपालाने आणि सापडलेले कसे तपासावे हे विषयशिक्षकाने एकाच प्रकल्पाच्या निमित्ताने शिकविले, तरच या खर्चिक साधनांचे सार्थक होईल. अन्यथा विद्यार्थ्याच्या हाती संदर्भांची संख्या येईल, पुरावा येणार नाही.