भीतीपोटीचा पश्चात्ताप

नरकाच्या भीतीने झालेला पश्चात्ताप देव स्वीकारतो का, की पापाची खंत देवावरच्या प्रेमातूनच यायला हवी, हा कॅथलिक धर्मशास्त्रातला जुना वाद आहे. तो रंगला पापनिवेदनाच्या रिवाजाभोवती. धर्मगुरूपुढे गुडघे टेकून एकेक पाप सांगायचे, तो देईल ते प्रायश्चित्त पत्करायचे आणि त्याच्या तोंडून क्षमेचे शब्द ऐकायचे, असा हा विधी. गोव्याच्या कोंकणीत त्याला कुमसार म्हणतात. हा शब्द पोर्तुगीजांबरोबर आला. विधीचे आजचे रूप मात्र प्रेषितांच्या काळापासून जसेच्या तसे चालत आलेले नाही.

सुरुवातीच्या शतकांत बाप्तिस्म्याने मागची पापे धुतली जात. त्यानंतर खून, व्यभिचार किंवा धर्मत्याग घडला, तर सगळ्या मंडळीदेखत प्रायश्चित्त करावे लागे, आणि तेही आयुष्यात एकदाच. लोकांनी सरळ हिशेब केला आणि बाप्तिस्माच लांबणीवर टाकला. सम्राट कॉन्स्टंटाइनने तो 337 साली मरणशय्येवर घेतला. त्याआधी, 250 साली, सम्राट डेसियसच्या हुकमाने अनेक ख्रिस्ती लोकांनी रोमन देवांना बळी वाहिले होते. छळ ओसरल्यावर ते परत आले तेव्हा रोममधला नोव्हेशियन अडून बसला : अशांना क्षमा करणे चर्चच्या हातात नाही. कार्थेजचा बिशप सिप्रियन आणि त्याच्या बाजूचे लोक कडक प्रायश्चित्तानंतर दार उघडायला तयार होते. त्यांची सरशी झाली आणि नोव्हेशियनने वेगळा पंथ काढला.

एकदाच क्षमा, हा नियम मोडला तो आयर्लंडच्या मठवासीयांनी. सहाव्या शतकापासून त्यांच्याकडे प्रायश्चित्ताच्या पोथ्या तयार झाल्या. कोणत्या पापाला किती दिवस किंवा किती वर्षे पाण्याबरोबर कोरडी भाकरी, याची त्यांत कोष्टकेच असत. निवेदन खासगी झाले आणि हवे तितक्या वेळा करता येऊ लागले. स्पेनमधल्या टोलेडोच्या परिषदेने 589 साली, लोक पुन्हा पुन्हा क्षमा मागतात, म्हणून नाराजी नोंदवली. पण रिवाज पसरतच गेला. दयेचे दार वारंवार उघडू लागले, फक्त त्यावर दरपत्रक लागले.

1215 साली चौथ्या लॅटरन परिषदेने प्रत्येक सज्ञान ख्रिस्ती माणसाला वर्षातून निदान एकदा पापनिवेदन सक्तीचे केले. हा ठराव बारकाईने वाचण्यासारखा आहे. जो चुकेल त्याला जिवंतपणी चर्चचे दार बंद आणि मेल्यावर ख्रिस्ती दफन नाही. त्याच कलमात धर्मगुरूला बजावले आहे की त्याने जखमेवर द्राक्षारस आणि तेल ओतणाऱ्या कसलेल्या वैद्यासारखे वागावे. ऐकलेले गुपित फोडणाऱ्या धर्मगुरूला पदावरून काढून कडक मठात जन्मभर प्रायश्चित्तासाठी ठेवण्याची तरतूदही तिथेच आहे. वैद्य आणि न्यायाधीश एकाच आसनावर बसवले गेले, आणि पुढच्या भांडणांचे मूळ बरेचसे त्या आसनात आहे.

या आसनापुढे सर्वांत जास्त तळमळलेला माणूस म्हणजे मार्टिन लूथर. 1505 च्या जुलैत श्टोटर्नहाइमजवळ वादळात सापडल्यावर जिवाच्या भीतीने त्याने संन्यासी होण्याचा नवस केला आणि तो एरफुर्टच्या मठात गेला. तिथे तो तासन् तास पापे सांगत बसे, आणि क्षमा मिळाली तरी एखादे पाप सांगायचे राहिले असेल, या धास्तीने त्याचे समाधान होत नसे. 1517 साली त्याने पापक्षमापत्रांच्या विक्रीविरुद्ध 95 प्रमेये मांडली. त्यापुढचा त्याचा हल्ला थेट भीतीवर होता. पापांची यादी करून, नरक डोळ्यांपुढे आणून केलेला पश्चात्ताप माणसाला ढोंगी बनवतो, असे तो म्हणाला. पोप दहावा लिओ याने 1520 साली त्याची जी विधाने निषिद्ध ठरवली, त्यांत हेही होते.

उत्तर दिले ट्रेंट परिषदेने, 25 नोव्हेंबर 1551 रोजी. देवावरच्या प्रेमातून येतो तो पूर्ण पश्चात्ताप. पापाची किळस किंवा नरकाची भीती यांतून येतो तो अपूर्ण. अपूर्ण असला तरी तोही देवाचेच देणे आहे, ढोंग नव्हे, आणि पापनिवेदनात कृपा मिळण्यासाठी तो माणसाची तयारी करतो. ‘तयारी करतो’ म्हणजे तेवढ्याने भागते का, हे परिषदेने मोघम ठेवले. शंभर वर्षांनी फ्रान्समध्ये भांडण पेटले ते याच मोघमपणावर.

दरम्यान मिलानचा आर्चबिशप चार्ल्स बोरोमेओ याने विधीला लाकडी चौकट दिली. 1577 च्या त्याच्या चर्चबांधणीच्या सूचनांत धर्मगुरू आणि पापी यांच्यामध्ये फळी, तिच्यात छोटी खिडकी, खिडकीला बारीक भोकांचा पत्रा आणि धर्मगुरूच्या बाजूने पातळ कापड, असा तपशील येतो. तोवर लोक उघड्यावर धर्मगुरूशेजारी गुडघे टेकत. विशेषतः स्त्रियांच्या बाबतीत बोभाटा नको, हा फळीमागचा हेतू.

फ्रान्समध्ये कार्डिनल रिशेल्यू स्वतः धर्मशिक्षणाच्या पुस्तकाचा लेखक होता, आणि भीतीपोटीचा पश्चात्ताप पुरेसा आहे, असे त्याचे मत होते. सॅं-सिरानचा मठाधिपती याच्या उलट शिकवत असे : प्रेम नसेल तर क्षमा नाही. 1638 साली रिशेल्यूने त्याला व्हॅंसेनच्या किल्ल्यात डांबले. राजकारण त्यामागे होतेच, पण हा मतभेदही कारणांपैकी एक होता. मठाधिपतीचा शिष्य आंत्वान आर्नो याने 1643 साली वारंवार कम्युनियन, म्हणजे वेदीवरचा पवित्र प्रसाद, घेण्याच्या प्रथेवर मोठा ग्रंथ लिहिला. मन पुरते पालटल्याची खात्री होईपर्यंत वेदीपासून दूर राहावे, हा त्याचा रोख. पास्कालने 1656 साली दहाव्या ‘प्रांतीय पत्रा’त, भीती पुरेशी मानणाऱ्या जेझुइटांची खिल्ली उडवली : येशू आला तो माणसाला देवावर प्रेम करण्याच्या जबाबदारीतून सूट द्यायला की काय? शेवटी 1667 मध्ये पोप सातवा अलेक्झांडर याने, दोन्ही बाजूंनी एकमेकांना दूषणे देऊ नयेत, असा हुकूम काढला. प्रेमाची अट न घालणारे मत पंडितांत जास्त रूढ आहे, एवढी नोंद त्यात केली. निकाल दिला नाही.

या भांडणात एक विरोधाभास आहे. सॅं-सिरानचा मठाधिपती आणि आर्नो यांच्यासारख्या, प्रेमाचा आग्रह धरणाऱ्या यान्सेनपंथीयांच्या प्रभावाखालचे भाविक देवाला सर्वांत जास्त भिऊ लागले, कारण आपले प्रेम पुरेसे शुद्ध आहे, असे छातीठोकपणे कोण सांगणार? अशा ठिकाणी लोक क्षमेवाचून आणि कम्युनियनवाचून दिवस काढत. उलट भीती चालवून घेणाऱ्यांकडे गरीब पाप्याचे काम भागत होते.

हे ओळखले नेपल्सच्या आल्फोन्सो लिगोरीने. तो आधी वकील होता. 1732 साली स्काला येथे त्याने रिडेम्प्टोरिस्ट संघ स्थापला, तो खेड्यापाड्यांतल्या लोकांसाठी. हे प्रचारक व्यासपीठावरून नरकाची भयानक वर्णने करत, आणि त्याच रात्री रांगेत आलेल्या माणसाशी मात्र मवाळपणे बोलत. 1748 पासून आवृत्त्यांगणिक वाढत गेलेल्या लिगोरीच्या नीतिशास्त्राचा कलही कडकपणाविरुद्ध आहे. त्याचा परिणाम आर्स या फ्रेंच खेड्यात दिसतो. 1818 साली तिथे आलेला जॉं व्हियाने नाचाचा नाद न सोडणाऱ्यांना पापमुक्ती नाकारी. पुढे लिगोरीची शिकवण त्याच्यापर्यंत पोचली आणि तो निवळला. 1859 मध्ये मरेपर्यंत दूरदूरच्या यात्रेकरूंच्या रांगा त्याच्या पापनिवेदनाच्या खिडकीशी लागत. उन्हाळ्यात तो दिवसाचे सोळा तासांपर्यंत तिथे बसून असे.

विसाव्या शतकात पोप दहावा पायस याने 1905 साली रोजच्या कम्युनियनला उत्तेजन दिले आणि 1910 साली सात वर्षांच्या आसपासच्या मुलांनाही ते खुले केले. यान्सेनपंथाचा उरलासुरला धाक त्यामुळे ओसरला. पोलंडमधल्या फाउस्टीना या साध्या जोगिणीने आपल्या दैनंदिनीत देवाच्या दयेचा संदेश नोंदवला; 1959 ते 1978 रोमने त्याच्या प्रसारावर बंदी घातली होती, आणि 2000 साली तिला संत घोषित केले. दयेची ही दैनंदिनी लिहिणाऱ्या फाउस्टीनाने तिच्यात नरकाचे दर्शनही तपशिलाने लिहिले आहे.

कॅथलिक मुलांना पिढ्यानपिढ्या शिकवलेल्या पश्चात्तापाच्या प्रार्थनेत ट्रेंटचा निर्णय एका दमात येतो : आधी स्वर्ग गमावण्याची आणि नरकयातनांची भीती, आणि मग, त्याहून अधिक, देवाला दुखावल्याचे दुःख. 1973 साली रोमने विधीचे नवे रूप मंजूर केले, तेव्हा या प्रार्थनेला अनेक पर्याय दिले. त्यांतल्या एकात उधळ्या पुत्राने बापाकडे परतताना मनाशी जुळवलेले शब्द आणि मंदिरात मागे उभ्या राहिलेल्या जकातदाराची विनवणी एकत्र येतात. त्यात नरकाचा उल्लेख नाही.